सगळ्यांत शेवटी वर आलेला माणूस

१९८९ साली राणीगंजच्या एका कोळसा खाणीत पाणी शिरलं आणि ६५ कामगार आत अडकले. त्यांना आणायला जसवंतसिंग गिल आपणहून खाली उतरले. त्यांच्या धाडसाचं कौतुक पुष्कळ झालं. पण खाली उतरून त्यांनी नेमकं केलं काय?

जमिनीखालच्या कोळसा खाणीवर ‘लॅम्प रूम’ नावाची एक खोली असते. कामावर जाताना कामगार तिथून आपला दिवा घेतो, टोपीला लावतो आणि खाली जातो. पाळी संपली की दिवा परत आपल्या जागेवर. कोण वर आलं आणि कोण यायचं राहिलं, हे त्या खोलीतल्या रिकाम्या जागा सांगतात. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, वणी, उमरेडच्या मैत्रिणींना हे सांगायलाच नको. खाण वसाहतीतल्या बाईला नवऱ्याची पाळी कोणती, ती किती वाजता सुटते आणि सुटल्यावर घरी यायला किती वेळ लागतो, हे घड्याळ न बघताही कळत असतं. तेवढ्या वेळात दारात पाऊल वाजलं नाही की तिचं लक्ष कामात लागत नाही.

१३ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या राणीगंजच्या महावीर खाणीत अशीच रात्रपाळी चालू होती. दोनशेहून जास्त माणसं खाली होती. कोळसा फोडण्यासाठी सुरुंग लावले जात होते आणि तेवढ्यात पाण्याचा लोंढा आत घुसला. हे पाणी नदीचं नव्हतं की पावसाचं नव्हतं. वरच्या थरातून पूर्वी कधीतरी कोळसा काढून घेतला होता. त्या रिकाम्या पोकळीत वर्षानुवर्षं पाणी साठलं होतं. मधली भिंत फुटली आणि ते सगळं पाणी खालच्या माणसांवर आलं.

जे लिफ्टच्या जवळ होते ते वर आले. ७१ जण आले नाहीत. त्यातले सहा जण पाण्यात बुडून गेले. उरलेले ६५ जण अंधारात, कमरेएवढ्या पाण्यातून वाट काढत खाणीच्या त्यातल्या त्यात उंच भागात पोचले आणि तिथेच अडकले. वर जायचा रस्ता पाण्याखाली गेला होता. पाणी उपसायला पंप लावले, पण पाणी इतकं होतं की पंपांच्या भरवशावर बसणं शक्य नव्हतं. एका अरुंद भोकातून त्यांना खाणं-पिणं पोचवलं जात होतं, त्यांचा आवाज वर येत होता. म्हणजे माणसं जिवंत आहेत हे कळत होतं आणि त्यांना वर आणता येत नव्हतं. वर हजारोंची गर्दी जमली होती. त्या गर्दीतल्या बायकांच्या जिवाची काय दशा झाली असेल, ते आपण आपल्यावरून ओळखायचं.

अशा वेळी ईस्टर्न कोलफील्ड्समधल्या एका अभियंत्याने एक वेगळी वाट सुचवली. जसवंतसिंग गिल त्यांचं नाव. माणसं जिथे आहेत, त्याच्या बरोबर वरच्या जमिनीवरून सरळ खाली एक नवीन भोक पाडायचं आणि त्यातून माणूस मावेल एवढा लोखंडी पिंजरा खाली सोडायचा.

कोण होते हे गिल? २२ नोव्हेंबर १९३९ ला अमृतसरजवळच्या सठियाला गावात त्यांचा जन्म झाला. शेतीभातीचा तो मुलूख, तिथे कोळशाचं नावही निघत नाही. अमृतसरच्या खालसा कॉलेजात शिकून ते धनबादच्या इंडियन स्कूल ऑफ माइन्समध्ये गेले आणि खाण अभियंता झाले. खाण अभियंता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेबल-खुर्ची आणि नकाशे येतात. पण खाणीतला साहेब नुसता ऑफिसात बसून साहेब होत नाही. खाण व्यवस्थापकाचं प्रमाणपत्र मिळवायचं तर आधी जमिनीखाली प्रत्यक्ष काम करून अनुभव घ्यावा लागतो. तोच अंधार, तीच ओल, कोळशाची तीच काजळी. छत कुठे बोलतंय, म्हणजे दबावाने कुठे करकरतंय, हे कानांनी ओळखायला शिकावं लागतं. गिल यांचं आयुष्य या अंधारात गेलं होतं. राणीगंजला पाणी शिरलं तेव्हा पन्नाशी गाठायला त्यांना नऊच दिवस कमी होते. हे वय तरुण रक्ताचं नाही. मुलांची शिक्षणं आणि पुढचे खर्च यांचा हिशेब मांडायचं हे वय.

लोखंडी पिंजरा सोडून खाणीतून माणसं वर काढायची युक्ती जगात त्याआधी वापरली गेली होती. १९५५ मध्ये जर्मनीतल्या डालबुश नावाच्या कोळसा खाणीत तीन कामगारांना अशाच पिंजऱ्यातून वर काढलं होतं. पुढे १९६३ मध्ये जर्मनीतच लेंगेडे इथल्या लोखंडाच्या खाणीत पाणी शिरलं, तेव्हा चौदा दिवसांनी अकरा जण याच मार्गाने जिवंत बाहेर आले. पण भारतात हे कुणी केलेलं नव्हतं. तयार पिंजरा नव्हता, भोक पाडायचं यंत्रही हव्या त्या मापाचं हाताशी नव्हतं. जे होतं त्यातून जमवायचं होतं आणि वेळ थोडा होता.

भोक पाडलं गेलं ते २२ इंच व्यासाचं. आपल्या मापात सांगायचं तर जेमतेम अडीच वीत. लग्नघरात कणीक मळायची मोठी परात असते ना, साधारण तेवढं तोंड. त्यातून जाईल अशी पोलादी कॅप्सूल जवळच्या कारखान्यात घाईघाईने बनवून घेतली. एकावेळी एकच माणूस, तोही अंग चोरून उभा राहिला तर. हात पसरायला जागा नाही, वाकायला जागा नाही. वरून दोराने सोडायची, दोरानेच ओढायची. या सगळ्यात भोक पाडणारे, लोखंड जोडणारे, दोर ओढणारे असे कितीतरी हात होते. त्यांची नावं आज फारशी कुणाला ठाऊक नाहीत. पण एक सांधा कच्चा राहिला असता तर पुढची गोष्ट घडलीच नसती.

कॅप्सूल तयार झाली आणि प्रश्न आला, तिच्यातून पहिल्यांदा खाली जाणार कोण?

ज्यांना या कामासाठी निवडलं होतं ते ऐनवेळी मागे हटले, असं त्या घटनेच्या हकिगतींत सांगितलं जातं. मला त्यांना नावं ठेवावीशी वाटत नाहीत. आयत्या वेळी बनवलेली, याआधी कधी माणूस घेऊन न गेलेली ती कॅप्सूल. भोकाच्या कडेचा दगड कधी सुटेल याचा नेम नाही. खाली पाणी चढतंय आणि हवा कशी आहे याचीही खात्री नाही. घरी लेकरं वाट बघतायत. अशा वेळी पाय मागे घेतला तर तो माणूसपणाच आहे. पण म्हणूनच जो पुढे येतो त्याची किंमत कळते. गिल म्हणाले, मी जातो. वरिष्ठांनी आधी नकार दिला. इतक्या मोठ्या जागेवरचा अधिकारी असा धोक्यात घालायचा कसा? गिल यांनी त्यांना राजी केलं आणि १६ नोव्हेंबरच्या पहाटे अडीचच्या सुमाराला ते त्या अडीच विती भोकातून खाली उतरले.

इथपर्यंतची गोष्ट कदाचित तुम्हाला ठाऊक असेल. २०२३ मध्ये ‘मिशन राणीगंज’ नावाचा हिंदी चित्रपट आला, त्यात अक्षयकुमारने गिल यांची भूमिका केली. अनेकींनी तो घरी टीव्हीवर पाहिला असेल. सिनेमाला सिनेमाच्या गरजा असतात, त्यात धाडस मोठं करून दाखवावं लागतं. माझ्या मनात मात्र एक साधाच प्रश्न होता. कॅप्सूल वरूनच सोडायची आणि वरूनच ओढायची होती. मग वरच्या माणसाला खाली जायची गरज काय होती? रिकामी कॅप्सूल सोडली असती, खालचा एकेक जण तिच्यात बसून वर आला असता.

थोडा विचार केला की उत्तर मिळतं. तीन दिवस काळोखात अडकलेली ६५ माणसं. डोळ्यांदेखत सोबती वाहून गेलेत. आणि समोर दार एकच, त्यातून जाणार एकच जण. पुढची फेरी येईल याची खात्री कोण देणार? आपल्याकडे एसटीच्या दारात काय होतं ते आपण रोज बघतो. तिथे तर पुढची गाडी अर्ध्या तासाने येणार असते, जिवाचा प्रश्न नसतो. इथे जो धट्टाकट्टा तो आधी गेला असता. जखमी, तापाने फणफणलेले, भीतीने गळून गेलेले मागे राहिले असते. ढकलाढकलीत ती एकुलती एक कॅप्सूल वाकडी झाली असती तर कुणीच वर आलं नसतं.

खाली जाऊन गिल यांनी काय केलं, तर रांग लावली. जखमी आणि आजारी कामगार शोधून त्यांना आधी पाठवलं. बाकीच्यांना धीर दिला. एकेकाला नीट उभं करायचं, वर इशारा द्यायचा, कॅप्सूल परत येईपर्यंत पुढच्याला तयार ठेवायचं. हे काम जवळजवळ सहा तास चाललं. हिशेब केला तर एका माणसामागे सरासरी साडेपाच मिनिटं येतात. असं पासष्ट वेळा. दर फेरीला खालची गर्दी एकाने कमी होत होती. सकाळी साडेआठच्या सुमाराला ६५ जण वर पोचले होते. सगळ्यांत शेवटी कॅप्सूल वर आली तेव्हा तिच्यात गिल होते.

वर गर्दीने त्यांना हारांनी मढवलं. पण मला त्या हारांपेक्षा ती रांग मोठी वाटते. आणि ती रांग लावता आली ती एकाच गोष्टीमुळे. लावणारा स्वतः त्या रांगेत शेवटचा होता. वर उभं राहून कर्ण्यातून “घाबरू नका, शिस्तीत या” असं ओरडणं सोपं होतं. ते कुणी ऐकलं असतं? पण जो माणूस मोकळ्या हवेतून आपल्या पायांनी या भोकात उतरला, तो म्हणतोय की सगळे गेल्यावर मी जाईन, त्याच्यावर विश्वास बसतो. हा विश्वास शब्दांनी देता येत नाही. तो शरीराने, तिथे हजर राहूनच द्यावा लागतो.

आपल्या बायकांना यात काही नवं वाटायचं नाही. पंगत उठेपर्यंत वाढणारी ताटावर बसत नाही आणि म्हणून पंगतीत कुणी हावरटपणा करत नाही. फरक एवढाच, की आपल्याला शेवटी बसायची सवय लावलेली असते आणि गिल यांनी ती जागा स्वतः निवडली होती. खाणीत साहेब आणि कामगार यांच्यात केवढं अंतर असतं! घरं वेगळी, क्लब वेगळा, मुलांच्या शाळाही वेगळ्या. त्या दिवशी साहेबाने आपली जागा शेवटच्या कामगाराच्या मागे धरली. म्हणूनच ही गोष्ट कोळसा पट्ट्यात सांगितली जाते.

असंच एक चित्र पुढे साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. २०१० मध्ये चिली देशातल्या सॅन होजे खाणीत ३३ कामगार अडकले होते. ६९ दिवसांनी त्यांना कॅप्सूलमधून वर काढलं. तिथेही रिकामी कॅप्सूल पाठवली नाही. मान्युएल गोन्झालेस नावाचा एक बचाव कर्मचारी आधी खाली उतरला, मागोमाग आणखी काही उतरले आणि सगळे वर गेल्यावर अगदी शेवटी गोन्झालेस वर आला.

गिल यांना १९९१ मध्ये राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांच्या हस्ते सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळालं. १९९८ मध्ये ते निवृत्त झाले, अमृतसरला परतले आणि २६ नोव्हेंबर २०१९ ला, ऐंशीव्या वाढदिवसानंतर चारच दिवसांनी, गेले. कोल इंडियात १६ नोव्हेंबर हा दिवस त्यांच्या आठवणीत ‘रेस्क्यू डे’ म्हणून पाळला जातो.

पण गिल यांची गोष्ट ऐकून असं वाटायला नको, की असा माणूस शंभर वर्षांत एखादाच होतो. कोळसा खाणीत एक फार जुनी रीत आहे. आत अडकलेल्यांना आणायला बाहेरची फौज येण्याआधी त्याच खाणीतले, शेजारच्या खाणीतले कामगार पुढे होतात. आपल्याकडे १९८५ चे खाण बचाव नियम आहेत. त्यांनुसार खाणीतल्या काही कामगारांना आणि अधिकाऱ्यांना बचावाचं खास शिक्षण देऊन तयार ठेवलं जातं. बोलीभाषेत त्यांना ‘रेस्क्यू ट्रेन्ड’ म्हणतात. ही माणसं एरवी आपापलं नेहमीचं काम करतात. कुणी फिटर असतो, कुणी सुरुंग लावणारा, कुणी ओव्हरमन. बोलावणं आलं की हातातलं काम टाकून जायचं. आपल्या विदर्भातल्या खाणी ज्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहेत, त्यांचंही नागपूरला बचाव केंद्र आहे.

हे शिक्षण काही सोपं नसतं. पाठीवर पंधराएक किलोचं श्वसनयंत्र बांधून काम करावं लागतं. आपण सोडलेल्या श्वासातला वाईट वायू त्या यंत्रात शोषला जातो, त्यात प्राणवायू मिसळतो आणि तीच हवा पुन्हा आत घ्यायची असते. अशी ती साधारण चार तास पुरते. धुराने भरलेल्या बंद बोगद्यात सराव होतो. रांगत जायचं, लाकडाचे टेकू उभारायचे, बेशुद्ध माणसाला स्ट्रेचरवरून न्यायचं. या माणसांचा एक नियम मला फार आवडला. एकट्याने कधीही पुढे जायचं नाही. टोळीतल्या एकाच्या यंत्रात बिघाड झाला, तर सगळ्या टोळीने मागे फिरायचं. कुणी म्हणायचं नाही, की तू जा परत, आम्ही बघतो. आणि आत गेलेल्यांसाठी दुसरी टोळी बाहेर तयार उभी असते.

हा नियम रक्त सांडून शिकलेला आहे. २००१ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात ब्रुकवूडच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. एक कामगार आत अडकला, त्याला आणायला त्याचे सोबती धावले आणि दुसरा स्फोट झाला. तेरा जण गेले, त्यातले बारा मदतीला निघालेले होते. २००७ मध्ये युटा राज्यातल्या क्रॅन्डल कॅन्यन खाणीत अडकलेल्या सहा जणांना शोधताना बचाव पथकातले तिघे मेले आणि ते सहा जणही हाती लागले नाहीत.

म्हणजे ‘मी जातो’ हे दोन शब्द किती महाग आहेत बघा. ते म्हणणारा एकटा असतो, पण त्याची किंमत भरायला सगळं घर असतं. बचावाच्या शिक्षणाला नाव देताना घरी विचारलं जातंच असं नाही. आणि विचारलं तरी बाई काय म्हणणार? जाऊ नका म्हणावं, तर आत जो अडकलाय त्याची बायको कालच हळदीकुंकवाला येऊन गेलेली असते. जा म्हणावं, तर जीभ उचलत नाही. उद्या माझाच माणूस आत राहिला तर त्याला आणायला कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी मुलगा जायला हवा, हे तिला कळत असतं. खाण वसाहतीत शेजार म्हणतात तो हा. बचाव पथकातल्या माणसाला पदक मिळतं तेव्हा त्याच्या घरी ज्या बाईने दार उघडून त्याला जाऊ दिलं, तिचं नाव कुठे लिहिलं जात नाही.

अलीकडची गोष्ट घ्या. २०२३ च्या ऐन दिवाळीच्या दिवशी, १२ नोव्हेंबरला, उत्तराखंडमधल्या सिलक्यारा बोगद्याचा एक भाग कोसळून ४१ मजूर आत अडकले. परदेशातून यंत्रं आली, तज्ज्ञ आले. मातीच्या ढिगाऱ्यातून नळ घालता घालता शेवटच्या दहा-बारा मीटरवर मोठं यंत्र मोडलं. तेव्हा बोलावलं कुणाला, तर ज्यांना ‘रॅट होल मायनर्स’ म्हणतात त्यांना. उंदरासारखं अरुंद बीळ हाताने कोरत जायची ही पद्धत मेघालयातल्या कोळसा खाणींतली. अतिशय धोक्याची म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये तिच्यावर बंदी घातली होती. सिलक्याराला आलेले हे बारा जण एरवी शहरांत जमिनीखालून पाण्याचे, सांडपाण्याचे नळ टाकायला असंच कोरायचं काम करत. एक कोरायचा, एक माती गोळा करायचा, एक ती मागे ओढायचा. २८ नोव्हेंबरला त्यांनी वाट मोकळी केली आणि सतराव्या दिवशी ४१ जण बाहेर आले. या कामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. देशभर त्यांचं नाव झालं. आणि तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्यांच्यातल्याच एकाचं दिल्लीतलं घर बेकायदा म्हणून पाडलं गेलं. कायद्याचं काय ते कायदा बघेल. पण हारातली फुलं वाळायला किती थोडे दिवस लागतात, ते यातून दिसतं.

म्हणून मला वाटतं, अशा माणसांचे सत्कार जरूर करावेत, पण तेवढ्यावर थांबू नये. कुणी शूरपणा केला असं वाचलं की लगेच विचारावं, हा शूरपणा करायची वेळ का आली?

राणीगंजची भिंत का फुटली? या भागात १७७४ पासून कोळसा काढला जातोय. दोनशे वर्षांत कितीतरी मालक आले, त्यांनी कोळसा काढला आणि पोकळ्या मागे ठेवून गेले. १९७३ पर्यंत देशातल्या कोळसा खाणी सरकारच्या ताब्यात आल्या, त्याबरोबर या जुन्या पोकळ्याही आल्या. कुठे किती खणलंय याचे नकाशे सगळीकडे धड नव्हते. म्हणून तर नियम आहे, की पाणी साठलेल्या जुन्या खाणीच्या ६० मीटरच्या आत काम करायचं असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी हवी, आणि पुढे जाण्याआधी लांब भोकं पाडून पलीकडे पाणी आहे का हे चाचपत जायला हवं. आंधळा माणूस काठीने पुढची जमीन ठोकून बघतो तसं. ही काठी जिथे हातातून सुटते, तिथे पाणी वाट बघत असतं.

१९७५ मध्ये धनबादजवळच्या चासनाळा खाणीत जुन्या खणलेल्या भागातलं पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. तिथे रांग लावायला कुणी उरलंच नव्हतं. पुढे २००१ मध्ये झारखंडच्याच बागडिगी खाणीत पाणी शिरून २९ जण मेले. अमेरिकेत २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत नऊ जण अडकले, त्याचं कारणही तेच. शेजारची बंद पडलेली खाण नकाशात होती त्यापेक्षा जास्त पुढे खणली गेली होती. ते नऊ जण नशीबवान, कॅप्सूलने वर आले. देश कोणताही असो, एक अपुरा नकाशा किती घरांवर पाणी फिरवू शकतो ते पाहा.

हे सगळं बायकांच्या पानावर कशासाठी, असं कुणी विचारेल. तर खाण ही काही पुरुषांचीच गोष्ट नव्हती. राणीगंज आणि झरियाच्या खाणींत एके काळी नवरा कोळसा फोडायचा आणि बायको टोपलीत भरून ओढायची. १९२९ पासून टप्प्याटप्प्याने बायकांना जमिनीखालच्या कामातून काढलं. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये ही बंदी उठवली, गरज संपल्यावर १९४६ मध्ये पुन्हा आणली. १९५२ च्या खाण कायद्यानेही हे दार बंदच ठेवलं. २०१९ मध्ये केंद्र सरकारने काही अटींवर बायकांना जमिनीखाली काम करायची परवानगी दिली, आणि २०२१ मध्ये झारखंडमधल्या चुरी या भूमिगत खाणीत आकांक्षा कुमारी ही खाण अभियंता रुजू झाली. म्हणजे यापुढे खाणीच्या दाराशी वाट बघणाऱ्यांत कुणाचे नवरे आणि वडीलही असतील, आणि ‘मी जाते’ असं म्हणणारीही कुणी असेल.

ती म्हणेल तेव्हा म्हणेल. तोवर घराघरांत एवढं तरी करता येईल. आपला माणूस खाणीत असो, बोगद्यावर असो, विहीर खणायच्या कामावर असो की गटारात उतरणारा असो, तो घरी आल्यावर पगाराबरोबर दोन प्रश्न आणखी विचारावेत. तुझ्या जागेवरून बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता? आणि तिथली हवा, पाणी आज कुणी तपासलं? पहिल्यांदा तो हसेल, “तुला काय कळतंय त्यातलं” म्हणेल. आपण पुन्हा विचारावं. चार घरांतून हाच प्रश्न गेला तर तो कामावर पोचतो, आणि एका बाईच्या काळजीचं चार जणांचं म्हणणं होतं.

गिल यांनी ६५ जणांना वर आणलं. महावीर खाणीच्या यादीत त्या रात्री ७१ नावं राहिली होती. उरलेल्या सहा जणांपर्यंत कॅप्सूल पोचायच्या आतच पाणी पोचलं होतं. त्या सहा घरांत गिल यांच्याविषयी कुणाची तक्रार असायचं कारण नाही. जो माणूस सगळ्यांत शेवटी वर आला, त्याने आपल्या वाटणीचं काम केलं. त्या सहा जणांना वाचवायचं काम मात्र त्याआधीच, भिंतीला सुरुंग लावण्यापूर्वीच व्हायला हवं होतं.